डॉक्टरांच्या जीपचे चार इंच

लोक विचारतात, बालाजी मिस्त्री, एवढी वर्षं कमानी ठोकल्या, मिळवलं काय? मी डावा कान दाखवतो. त्या कानाला घणाचा आवाज सोडून दुसरं फारसं काही ऐकू येत नाही, आणि घरात त्याचा उपयोग बराच होतो. दिवाळी अंकासाठी आठवणी लिहा असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा बायको नेमकी चांगल्या कानाच्या बाजूला उभी होती. म्हणाली, "चुका लिहा. आठवणी दोन पानांत संपतील." तेव्हा एका चुकीचंच लिहितो. चूक चार इंचांची होती.

माझं दुकान अहमदपूरला, लातूर-नांदेड रस्त्याच्या कडेला. दारावर पाटी, 'कमान वर्क्स'. एकदा एक पुढारी येऊन मंत्र्यांच्या स्वागताची कमान सांगून गेले होते, फुलांसकट. मी बायकोला म्हटलं, घ्यावं का काम? तिनं नुसतं बघितलं.

आमची कमान गाडीच्या खाली असते. लोखंडाचे लांब पाटे, धनुष्यासारखे वाकवलेले, एकावर एक रचून मधोमध आवळलेले. चाकाला दगड लागला की पाटे वाकतात, धक्का पिऊन टाकतात आणि बसलेल्या माणसाची कंबर वाचते. वर्षानुवर्षं ओझं वाहिलं की ते सपाट होतात. त्याला आम्ही म्हणतो, कमान बसली. मग पाटे सोडवायचे, भट्टीत लाल करायचे, घणानं ठोकून पुन्हा वाक द्यायचा आणि तेलात बुडवायचे. गाडी एक-दीड इंच वर येते आणि मालकाला वाटतं, मिस्त्रीनं जादू केली. मीपण तसंच वाटू देत होतो.

हे काम मी नांदेडला करीम उस्तादांकडे शिकलो. मी कंधारचा, शाळेत रमलो नाही, तेव्हा वडिलांनी त्यांच्या हाती दिलं. उस्ताद बोलायचे कमी. गाडी उंच करून द्या म्हणणारं गिऱ्हाईक आलं की त्यांचं ठरलेलं बोलणं असायचं, "बैठेली को खडी करो. खडेली को उडाव नक्को." मी मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, म्हातारा भितो.

मग लातूर जिल्हा नवा झाला. काल रात्री उस्मानाबाद जिल्ह्यात झोपलेले आम्ही सकाळी लातूर जिल्ह्यात उठलो. नवी हापिसं आली, हापिसांबरोबर साहेब आले, साहेबांबरोबर जिपा आल्या. आणि त्याच वर्षांत पावसानं असा दगा दिला की मन्याड नदी आहे हे नकाशातच कळायचं. नदीच्या कोरड्या पात्रातून गाड्या जायला लागल्या. रस्त्यापेक्षा पात्र बरं, असं ड्रायव्हर म्हणायचे, कारण पात्रातले दगड निदान गोल होते. दगड लागून गाड्यांचे चेंबर फुटायचे, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं फुटायचं आणि सगळं तेल वाळूत जायचं. सगळ्या भागात दुष्काळ आणि माझ्या दारात गिऱ्हाइकांची रांग. लाज वाटायची थोडी. पण रांग मोडावी इतकी नाही.

त्यातच उंचीची फॅशन आली. एका कंत्राटदाराला जीप एवढी उंच पाहिजे होती की बसलेला माणूस ज्वारीच्या वरून दिसला पाहिजे. त्या साली ज्वारी गुडघ्याएवढीच होती, त्यामुळे काम सोपं गेलं. बिलोलीहून एक गुरुजी यायचे. त्यांची जीप डावीकडे कलायची, कारण बाई डावीकडे बसायच्या आणि बाई अंगानं भरलेल्या. "मिस्त्री, फक्त डावी बाजू उचला," गुरुजी म्हणाले. करू नये असं काम. मी केलं. डावीकडे एक पाटा जास्तीचा घातला आणि बाई बसल्यावर जीप अगदी सरळ झाली. पण बाई माहेरी गेल्या की गाडी उजवीकडे कलायची, आणि मग बिलोलीच्या सगळ्या बाजाराला कळायचं, गुरुजी घरी एकटे आहेत. चार वेळा चहाला पाहुणे आल्यावर गुरुजींनी तो पाटा काढून घेतला.

उंची वाढवायची म्हणजे काय काय करता येतं ते इथं सांगून टाकतो, कारण ज्यांच्याकडं अशी गाडी आहे ते अजून येऊन विचारतात. पहिला उपाय, बसलेली कमान उभी करायची. दुसरा, पाटा वाढवायचा. गाडी दोनेक इंच उचलते, थोडी कडक होते, पण चालतं. तिसरा उपाय बहाद्दरांचा. जिपेची कमान ॲक्सलच्या खालून गेलेली असते, ती सोडवून ॲक्सलच्या वर बसवायची. एका झटक्यात गाडी चार-पाच इंच उठते. बघणारा बघतच राहतो. पण खालचा फिरता दांडा तिरपा होतो, त्याचे क्रॉस, म्हणजे टोकांचे सांधे, लवकर झिजतात, ब्रेकचा पाइप आखूड पडतो, आणि वळणावर गाडी दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खाते. हौसेची गाडी असेल, महिन्यातून एकदा डोंगरात न्यायची असेल, तर काय करायचं ते करा. रोज ज्यात बसायचं त्या गाडीला दोन इंच पुरतात. हे शहाणपण मला आज आहे. तेव्हा चार इंचांवर माझी छाती फुगायची.

डॉक्टर वाघमारे आले ते असे माझी छाती फुगलेली असताना. ढोरांचे डॉक्टर. इथून पंधरा-वीस किलोमीटरवर, कंधारच्या वाटेला त्यांचा दवाखाना होता, आणि त्या वर्षी नदीपलीकडे जनावरांची मोठी छावणी पडली होती. चारा नाही म्हणून गावोगावचे लोक आपापली गुरं घेऊन तिथं खोपी टाकून राहिले होते. छावणीला डॉक्टर एकटेच. रोज सकाळी जायचं, रोज संध्याकाळी यायचं. सरकारी गाडी नव्हती म्हणून लिलावातली जुनी जीप त्यांनी स्वतः घेतलेली. दवाखान्यातला शेषराव ती चालवायचा. कंपाउंडर तोच, ड्रायव्हर तोच, आणि डॉक्टरांना रागावणारा माणूसही तोच.

डॉक्टर गाडीतच बसून बोलत होते. मी खाली वाकून चेंबर बघत होतो.

"दगड लागतो मिस्त्री. लागू नये एवढं करा."

"साहेब, असं करतो की दगडच बाजूला होतील."

"एवढं नको. रोजची गाडी आहे."

"तुम्ही बघाच."

त्यांनी शेषरावला गाडी काढायला सांगितली. दुसऱ्याच्या धंद्यात तोंड न घालणारा माणूस. दोन दिवसांनी शेषराव एकटाच जीप घेऊन आला, मी कमान वर बसवली, कंत्राटदाराच्या गाडीचे काढलेले मोठे टायर चढवले आणि गाडी अशी उभी राहिली की समोरचा चहावाला भांडं हातात घेऊन बाहेर आला. शेषराव मात्र गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "लई उंच झाली मिस्त्री."

"मग? त्याचीच तर मजुरी घेतो."

"न्हाई, पण लई उंच झाली," तो परत म्हणाला आणि घेऊन गेला. शेषराव दोनदा बोलला तेव्हा मी विचारायला पाहिजे होतं, कामून म्हणतोस बाबा? मी विचारलं नाही. मला ती स्तुती वाटली.

पंधरा दिवस गेले. चहाच्या हॉटेलात छावणीकडची माणसं यायची. त्यातला एक जण म्हणाला, "ते वाघमारे डॉक्टर आजकाल गाडीतून खाली उतरतच न्हाईत बगा. गाडीतूनच बोलून राहिले, गाडीतूनच औषध देऊन राहिले."

बाकीचे गप्प झाले. मी गप्प व्हायला पाहिजे होतं. पण माझा धंद्याचा अभिमान असा, की मला त्यात माझंच कौतुक ऐकू आलं. मी मांडीवर थाप मारून म्हटलं, "कशाला उतरतील? कमान कुणाची आहे? एकदा बसलेल्या माणसाला उतरावंच वाटत नाही." आणि हे मी त्या दिवशीच नाही, पुढं आठवडाभर जो भेटेल त्याला सांगितलं. तहसीलसमोर बसणारे अर्जनवीसही त्याच हॉटेलात चहा प्यायचे. त्यांचे दोन्ही कान चांगले होते.

अर्ज गेला. आधी अर्ज द्यायचा तर दोन एस्ट्या बदलून उस्मानाबाद गाठावं लागायचं, त्यात निम्म्या लोकांचा राग वाटेतच उतरायचा. आता जिल्हा जवळ आला होता आणि हापिस नवं असल्यामुळे साहेबांना कामाचा उत्साह होता. छावणीतल्या चाळीसेक लोकांच्या सह्या आणि अंगठे. डॉक्टरांना माज आला आहे, ते गाडीतून खाली उतरत नाहीत, बैलाला बघायला आले नाहीत, बैल मेला. आणि शेवटी एक ओळ होती, ती मला आजही पाठ आहे. 'सदर बाब गाडीचे मिस्त्री श्री. बालाजी यांनीही चारचौघांत वेळोवेळी सांगितलेली आहे.' छापील नाही, पण सरकारी कागदावर माझं नाव पहिल्यांदा आलं ते असं.

चौकशीचा दिवस ठरला. साहेब लातूरहून छावणीवर येणार, आणि साक्षीदार म्हणून मीही हजर राहायचं. निरोप घेऊन शेषरावच आला. "सकाळी दवाखान्यावर या. डॉक्टरसायेब आपल्याच गाडीतून नेतो म्हणले." ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची त्याच्याच गाडीतून जायचं. मला रात्रभर झोप लागली नाही असं लिहिलं तर बरं दिसेल, पण मी झोपलो. मला अजून कळलंच नव्हतं की मी काय केलं आहे.

ते सकाळी दवाखान्यावर कळलं. शेषरावनं जीप ओट्याला अगदी चिकटवून उभी केली होती. डॉक्टर आतून आले, आणि मी त्यांना पहिल्यांदा चालताना बघितलं. उजवा पाय काटकुळा, मागून ओढत येणारा. ते ओट्याच्या कडेला आले, जिपेच्या सीटवर पाठमोरे टेकले, मग दोन्ही हातांनी उजवा पाय मांडीखाली धरून उचलला आणि आत ठेवला, आपण बाजाराची पिशवी ठेवतो तसा.

मी जन्मभर गाड्यांच्या खाली झोपलेला माणूस. मला जगाचं जे काही दिसतं ते गुडघ्याच्या खालचं. आणि नेमका एक पाय मला दिसला नव्हता.

आता सगळं ध्यानात आलं. जीप आधी ठेंगणी होती तेव्हा ते कुठंही असेच पाठमोरे टेकायचे आणि पाय आत घ्यायचे. चार इंच कमानीचे आणि वर टायरचे, सीट त्यांच्या कमरेच्या वर गेली. दवाखान्यात ओटा होता, घरी ओटा होता. छावणीच्या माळावर ओटा कुठून आणायचा? तिथं एकदा उतरले की परत चढता येत नव्हतं. करीम उस्ताद कामाला हात लावायच्या आधी मालकाला खाली उतरवायचे आणि पुन्हा बसायला लावायचे. "पहले चढ के दिखाव मियाँ," म्हणायचे आणि बिडी ओढत बघत बसायचे. आम्ही पोरं मागं हसायचो, की म्हाताऱ्याला गाडी सोडून माणसाचीच तपासणी. दुकान माझं झालं तशी मी ती पद्धत सोडून दिली. वेळ जातो म्हणून.

गाडी निघाली. मी मागं बसलो होतो. मग मीच म्हटलं, "साहेब, मला एका शब्दानं सांगायचं तरी."

"तुम्ही एवढे खुश होता," डॉक्टर म्हणाले.

त्या वाक्यानं मला जेवढं लागलं तेवढं कुणी शिव्या देऊनही लागलं नसतं.

"निदान एक स्टूल ठेवायचं गाडीत. शेषरावनं खाली टाकलं असतं."

"मी म्हणलो होतो," शेषराव पुढून म्हणाला. "सायेबांना चालत न्हाई."

डॉक्टर काचेतून समोर बघत होते. मग सांगायला लागले. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात एका देशमुखाच्या गढीवर राबायचे. देशमुख घोड्यावर बसायचा तेव्हा आजोबांनी घोड्याजवळ गुडघ्यावर वाकायचं, आणि देशमुख त्यांच्या पाठीवर पाय देऊन चढायचा. "आम्ही बौद्ध झालो तेव्हा आजोबा म्हातारे होते. मला मांडीवर घेऊन सांगायचे, शीक, पण कुणाला पायरी करू नको. आता मी गाडीत चढणार आणि शेषराव रोज माझ्या पायाशी वाकून स्टूल ठेवणार. मला नाही जमत मिस्त्री. कुणाचा खांदा धरायचा तरी तेच आठवतं."

"मग आज साहेबांना सांगू आपण पायाचं."

"नाही. पायाचं नाव काढायचं नाही. बदली झाली तर होऊ द्या, कुणाची कीव नको."

"बदली झाली म्हंजे?" शेषरावनं गाडीचा वेग कमी केला. "छावणीत खुरकूत आलंय. सहाशे-सातशे जनावर हाय. नवा डॉक्टर येऊन रुजू होईस्तोवर काय रोग थांबून ऱ्हानार हाय का?"

गाडी मन्याडच्या पात्रात उतरली. एकही दगड चेंबरला लागला नाही. आयुष्यात एवढं चांगलं काम करून एवढं वाईट मला कधी वाटलं नाही.

छावणीवर साहेब आधीच आले होते. एका खोपीच्या सावलीत टेबल टाकलं होतं. सह्या करणारे गोळा झाले होते, आणि सगळ्यांच्या पुढं मारुती आबा, सत्तरीचा माणूस, ज्याचा बैल गेला होता. बैल छावणीच्या पार टोकाला बसला होता, दावणींच्या दाटीत, जीप जाणार नाही अशा जागी. डॉक्टरांनी शेषरावला इंजेक्शन देऊन पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी बैल गेला.

शेषरावनं जीप टेबलाजवळ आणून उभी केली. डॉक्टर बसूनच राहिले. लोकांत कुजबूज झाली. साहेबांनी एकदा जिपेकडे बघितलं, एकदा अर्जाकडे, आणि मला पुढं बोलावलं.

"डॉक्टर गाडीतून उतरत नाहीत, असं तुम्ही म्हणालात?"

"म्हणालो साहेब."

"का उतरत नाहीत?"

पायाचं नाव काढायचं नव्हतं. खरं सांगता येत नव्हतं आणि गप्प बसलो तर डॉक्टर जात होते. मला एकच गोष्ट बोलता येते, कमान. तेव्हा मी कमानीवरून खोटं बोललो.

"मीच सांगितलं होतं साहेब, उतरू नका म्हणून. कमान नवीन पद्धतीची आहे. बसलेलं वजन एकदम उतरलं की पाटा सरकतो. गाडी कलंडू शकते. दोष कामाचा आहे, डॉक्टरांचा नाही."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. बैलगाड्या हाकण्यात जन्म गेलेली माणसं ती. वजन उतरल्यावर पडणारी गाडी त्यांनी ऐकलीही नव्हती. बघता बघता सगळी छावणी हसायला लागली. साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. माझे कान तापले. वीस वर्षं मी नाव कमावलं ते अर्ध्या मिनिटात तिथं शेणात पडलं. आणि खरं सांगतो, बरं वाटलं. हिशेबानं ती शिक्षा मला कमीच होती.

मारुती आबा मात्र हसले नव्हते.

"मिस्त्री, आमाला खुळं समजून राहिलाव का?" ते म्हणाले. "डॉक्टरचा पाय आमाला पयल्याच दिवशी दिसला. ठेंगणी गाडी होती तवा उतरायचे की. त्यात लपवायसारकं काय हाय?"

साहेबांच्या तोंडावरचा रुमाल खाली आला. डॉक्टरांनी मान खाली घातली.

"मग अर्जात हे का नाही लिहिलं?" साहेबांनी विचारलं.

"राग पायाचा न्हाई सायेब. माजा बैल बसला त्या दिवशी मी गाडीपाशी आलो. म्हणलो, डॉक्टर, खांदा धरा, मी नेतो तितवर. म्हणले, नको. दुसरा पुढं झाला, त्यालाबी नको. शेण-मुतात लोळनारी माणसं आमी. म्हणलो, आमच्या अंगाला हात लावायची किळस येऊन राहिली आसंल सायेबाला. मग केली सही."

डॉक्टर बोलले तेव्हा आवाज असा बारीक होता की मी चांगला कान पुढं केला.

"किळस नाही हो आबा. मला वाटलं, तुम्हाला चालणार नाही."

"काय चालनार न्हाई?"

"मी हात लावलेला."

कुणी हसलं नाही. मारुती आबांनी डोक्याचा पटका काढला, तोंड पुसलं आणि परत बांधला.

"खोटं कशाला बोलू," ते म्हणाले. "माज्या बापाला चाललं नसतं. पण मला माजा बैल पाहिजे होता."

असं म्हणून ते जिपेच्या दाराशी आले. वाकले नाहीत, ताठ उभे राहिले, आणि खांदा सीटच्या जवळ आणला. "या," म्हणाले.

डॉक्टरांनी त्या खांद्याकडे बघितलं. मला वाटलं, हे आताही नको म्हणतात. शेषरावलाही तसंच वाटलं असणार, कारण तो स्टिअरिंग घट्ट धरून बसला होता. मग डॉक्टरांनी हात पुढं केला आणि आबांच्या खांद्यावर ठेवला, आधी बोटं, मग सगळा तळवा, मग सगळा भार. खाली उतरले. उतरल्यावरही हात काढला नाही. "बैलाची चूक माझी आहे आबा," म्हणाले. "सरपटत का होईना, मी यायला पाहिजे होतं."

"हाव. यायला पाहिजे होतं," आबा म्हणाले. त्यांनी ते माफ केलं असं मी म्हणणार नाही. नुसतं कबूल केलं. मग दोघं जण दावणींच्या मधून चालत गेले, आणि त्या दिवशी दुपारपर्यंत डॉक्टरांनी रांगेनं जनावरं बघितली, एकेकाच्या तोंडात हात घालून. मधे खांदे बदलत होते. मी मोजले नाहीत, पण सह्या करणाऱ्यांतले बरेच होते.

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि अर्ज मिटवला. जाताना मला म्हणाले, "मिस्त्री, आमच्या हापिसाची जीप तुमच्याकडं पाठवणार होतो. आता विचार करावा लागेल." ती जीप काही आली नाही. पुढची दोन-तीन वर्षं रस्त्यानं जाणारा कुणीही बैलगाडीवाला माझ्या दुकानासमोर गाडी थांबवायचा आणि ओरडायचा, "मिस्त्री, उतरू का? का कलंडंल?" बायकोनं हे ऐकलं तेव्हा ती दोन दिवस हसत होती. तिला खरं काय ते सांगितल्यावर तिसऱ्या दिवशी तिनं मला न मागता भजी करून घातली.

चौकशीनंतर आठ दिवसांनी मी डॉक्टरांना निरोप धाडला, गाडी घेऊन या, सगळं काढून पहिल्यासारखं करून देतो. शेषराव जीप घेऊन आला आणि या वेळी डॉक्टरही बरोबर होते. दुकानासमोर गाडी थांबली. चहावाला पुढं झाला, त्याच्या खांद्यावर हात टाकून ते उतरले, माझ्या बाकावर येऊन बसले आणि चहा मागवला. मी जिपेखाली शिरलो.

"साहेब, चारी इंच काढतो," मी खालून म्हटलं. "परत होती तशी. कुठंही टेका, कुठंही बसा. कुणाची गरज नाही लागायची."

"आणि दगड?"

"दगड मग लागणार. त्याला इलाज नाही."

मला खालून त्यांचे दोन्ही पाय दिसत होते, एक सरळ टेकलेला, एक आडवा ठेवलेला.

"दोन काढा मिस्त्री," ते म्हणाले. "दोन राहू द्या."

मी बाहेर आलो. हात पुसले. धंद्यात पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला सगळं नीट समजावून सांगायचं ठरवलं होतं. म्हटलं, "साहेब, दोन राहिले तरी सीट तुम्हाला उंचच पडणार. माळावर चढताना दर वेळी कुणाचा तरी हात लागेल."

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"लागू द्या," ते म्हणाले.